सिकलसेलच्या मुलांचे डोळे : तक्ता वाचता येतो म्हणजे पडदा चांगला आहे असं नाही

पळसफूल (धागाकर्ती)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची वेळ फारशी आली नाही. आज राहवलं नाही म्हणून लिहिते.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. घरी तिला चिऊ म्हणतो, इथेही तेच नाव ठेवते. गाव भंडारा जिल्ह्यातलं. दीड वर्षाची असताना एका रात्रीत तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजून टम्म झाली. कुणी म्हणालं काहीतरी चावलं, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, उतारा काढा. तालुक्याला रक्त दिलं. आधी सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस, आणि कागदावर दोनच अक्षरं आली : एसएस, म्हणजे सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आम्ही नवराबायको दोघंही एएस, म्हणजे वाहक. लग्नाआधी कुणी तपासलंच नव्हतं. तेव्हापासून चिऊचं रुग्णाचं लाल कार्ड आणि आमची दोघांची वाहकांची पिवळी कार्डं एकाच डब्यात आहेत.

तिची काळजी घेण्यात आम्ही कुठे कमी पडलो असं मला वाटत नव्हतं. फॉलिक अ‍ॅसिड, पाचव्या वर्षापासून हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, दर तीन महिन्यांनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, न्यूमोकोकलची लस, वर्षातून एकदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर. सगळे कागद एका जाड फाइलीत तारखेनुसार लावलेले. त्या फाइलीत डोळ्यांचा एकही कागद नव्हता, आणि इतक्या वर्षांत ते ना माझ्या लक्षात आलं ना कुठल्या डॉक्टरांच्या. शाळेत दरवर्षी तपासणी व्हायची. चिऊ एक डोळा झाकून तक्त्याची शेवटची ओळ घडाघड वाचायची. शेरा : दोन्ही डोळे ६/६, म्हणजे नजर उत्तम.

गेल्या थंडीत रक्त चढवायला नेलं तेव्हा डे-केअरच्या बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. त्याला कधी मोठं दुखणं आलं नाही, रक्तही एकदाच चढलं होतं. आयटीआयला जात होता. एका सकाळी उठला तर उजव्या डोळ्यासमोर कोळिष्टक लोंबल्यासारखं दिसायला लागलं, संध्याकाळपर्यंत सगळं धुरकट. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. बाई मला एवढंच म्हणाल्या, “ताई, पोरीचा पडदा पाहून घेतला का?” पडदा म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला, प्रकाश टिपणारा थर.

मी तिथल्याच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “तिला नीट दिसतंय ना? मग कशाला?” दवाखान्याचं नाव लिहीत नाही, त्या माणसांनी माझ्या मुलीला तीनदा मरणाच्या दारातून परत आणलं आहे. पण हे उत्तर चुकीचं होतं, आणि ते आणखी किती आयांना मिळत असेल या विचाराने मला झोप लागत नाही.

आम्ही स्वतःच नागपूरला पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. दर दहा मिनिटांनी असे तीनदा ड्रॉप टाकले. झोंबतात. चिऊने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत सोडलं नाही. मग अंधाऱ्या खोलीत आडवं झोपवलं. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात जाड भिंग. “वर बघ. आता उजव्या खांद्याकडे. आता पायाच्या अंगठ्याकडे.” कानाकडच्या बाजूला ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. मी तेव्हाच समजले.

नंतर त्यांनी छापील वर्तुळावर लाल-निळ्या पेन्सिलीने नकाशा काढला. उजव्या डोळ्यात, घड्याळाच्या आठ ते दहाच्या मध्ये, लाल रेघा काठाच्या बऱ्याच आधी तुटल्या होत्या. पुढे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेच्या बांधावर लाल रेघ निळीला आडवी जाऊन मिळालेली. मला कळेना म्हणून त्यांनी विचारलं, “शेती आहे का?” मी म्हटलं, धानाची आहे, पाटाचं पाणी आहे. म्हणाले, “मग टेलच्या बांधीला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.”

माहीत आहे. पाटाच्या तोंडाशी, हेडला, पाणी भरपूर असतं, शेवटाला, टेलला, धान करपतो, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला शेत हिरवंच दिसतं.

चिऊचं दुखणं अजून पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात आहे. औषध नाही, लेझर नाही, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. तिला काहीही जाणवत नाही. ती अजूनही शेवटची ओळ वाचते.

ज्यांच्या घरी, शाळेत, ओळखीत एसएस मूल आहे, त्यांना माझा एकच प्रश्न आहे. त्याच्या बाहुल्या मोठ्या करून कुणी पडदा पाहिला आहे का? चष्म्याचा नंबर काढणं वेगळं आणि हे वेगळं. जाणकारांनी भर घालावी.

कोरडवाहू

ताई, वाचून काटा आला. आमच्याकडे अमरावतीला भाच्याला आहे, वय नऊ. उद्याच बहिणीला फोन करतो. एक विचारायचं होतं, मी स्वतः एएस आहे, माझी दोन्ही मुलंही एएस. आम्हालाही ही तपासणी लागते का?

डोळस_वैद्य

धागाकर्तीने फार नेमकं लिहिलं आहे. मी विदर्भातच पडद्याच्या आजारांवर काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं. बिघाड एवढाच. पण ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोरखंडासारखं ताठ होतं, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. पडद्याच्या कडेच्या वाहिन्या सगळ्यात बारीक आणि मुळापासून सगळ्यात लांब, त्यातही कानाकडच्या बाजूला. म्हणून सुरुवात तिथे होते.

गोल्डबर्ग या नेत्रतज्ज्ञांनी १९७१ साली याचे पाच टप्पे मांडले, आजही आम्ही तेच वापरतो. पहिल्यात कडेच्या धमन्या बंद पडतात. दुसऱ्यात धमनी आणि शीर यांच्यात आडवाटेने जोड तयार होतात, चिऊच्या नकाशातली आडवी रेघ ती हीच. तिसऱ्यात उपाशी पडद्याच्या हाकेला उत्तर म्हणून नव्या वाहिन्या फुटतात. त्या समुद्रातल्या पंख्यासारख्या प्रवाळाप्रमाणे जाळीदार पसरतात, म्हणून त्यांना ‘सी फॅन’ म्हणतात. दिसायला सुंदर, पण अत्यंत नाजूक. डोळ्यातला जेलीसारखा द्रव त्यांना ओढतो आणि त्या फुटतात, तो चौथा टप्पा. बाकावरच्या बाईंच्या मुलाला दिसलेलं कोळिष्टक ते हेच. पाचव्यात पडदा सुटतो.

पहिल्या तिन्ही टप्प्यांत मुलाची नजर ६/६ राहू शकते. तक्ता वाचताना मूल फक्त पडद्याच्या मधल्या, डाळीएवढ्या भागाने वाचतं. कडा जळाली तरी तक्त्याला पत्ता लागत नाही.

अमेरिकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत दहाव्या वर्षापासून बाहुली मोठी करून तपासणी, आणि सगळं ठीक असेल तर एक ते दोन वर्षांनी पुन्हा, असं सांगितलं आहे. दहाच्या आधी नव्या वाहिन्या फुटणं विरळ असतं, म्हणून ते वय. मी स्वतः वर्षातून एकदा बोलावतो, कारण दोन वर्षांनी ये म्हटलेलं मूल आमच्या भागात पाच वर्षांनी येतं.

कोरडवाहू, वाहकांना या तपासणीची एरवी गरज नसते. पण एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. चेंडू, विटी, दगड असं काही डोळ्याला लागून डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलं, तर दवाखान्यात पहिलं वाक्य “हा सिकलसेल वाहक आहे” असं म्हणा. वाकलेल्या पेशी डोळ्यातलं पाणी वाहून जायच्या जाळीत अडकतात आणि दाब चढतो. इतरांच्या डोळ्याला जेवढा दाब काही दिवस सोसतो तेवढ्याने यांची नस लवकर खराब होऊ शकते. दाब उतरवायच्या नेहमीच्या अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळीनेही पेशी जास्त वाकण्याचा धोका असतो, म्हणून ती आम्ही यांना टाळतो. पिवळं कार्ड डब्यात न ठेवता त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

झाडीपट्टी

मी गोंदियाकडचा. माह्या पोराले एसएस आहे, चौदा वर्षांचा. मी तर चष्म्याच्या दुकानात दोन वेळा नेऊन आणलं आणि समाधान मानलं. आता पळसफूल ताईनं टेलच्या बांधीचं सांगतलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. एक भीती आहे. गावात लोक म्हणतात हायड्रॉक्सीयुरिया कॅन्सरची गोळी आहे, त्यानं डोळे जातात. बायकोनं मधात दोन महिने बंद केली होती. खरं काय आहे?

डोळस_वैद्य

दादा, गोळी बंद करू नका. ती काही रक्ताच्या कॅन्सरमध्येही देतात हे खरं, पण सिकलसेलमध्ये ती वेगळ्या कामासाठी आहे. तिच्यामुळे पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन एफ वाढतं, आणि ते असलं की पेशी सहज वाकत नाहीत. एसएस मुलांच्या पाहणीत ज्यांचं एफ जास्त त्यांच्यात पडद्याचं नुकसान कमी आढळलेलं आहे. म्हणजे गोळी उलट डोळ्यांच्या बाजूने आहे. फक्त ठरलेल्या वेळी सीबीसी झालीच पाहिजे, पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर मात्रा बदलावी लागते. आपल्या भागातल्या लोकांत एफ मुळातच बरंच असतं, अरब-भारतीय म्हणून ओळखला जाणारा जनुकसमूह आपल्याकडे आहे. पण त्यावर विसंबून डोळे न तपासणं मला मान्य नाही. चिऊचंच उदाहरण समोर आहे.

मूळप्रश्न

विषय कळकळीचा आहे, तरी एक शंका मनात आहे ती विचारतो. पहिल्या-दुसऱ्या टप्प्याला उपचार नाही असं धागाकर्तीच सांगतात. मग लवकर शोधून काय मिळालं? गरीब कुटुंबाचा एक दिवस, मजुरी, प्रवास, आणि घरी येताना सोबत एक नवी धास्ती. जिथे मुलांना वेळेवर रक्त मिळत नाही तिथे हा खर्च आधी करायचा का?

डोळस_वैद्य

शंका रास्त आहे, आणि आमच्या बैठकांतही हीच निघते.

आणखी एक गोष्ट तुमच्याच बाजूची आहे ती आधी सांगतो. तिसऱ्या टप्प्यातले सगळे सी फॅन फुटत नाहीत. पुष्कळ आपोआप वाळून पांढरे पडतात, कारण ज्या रोगाने ते उगवले तोच रोग त्यांचाही रक्तपुरवठा तोडतो. म्हणून दिसला की लगेच लेझर असं आम्ही करत नाही. आकार केवढा, वाढतोय का, एकदा रक्त सांडलंय का, दुसरा डोळा कसा आहे, कुटुंब पुन्हा येऊ शकेल का, हे सगळं पाहून ठरवतो.

पण तिसरा आणि चौथा यांच्यामध्ये जी फट आहे ती एकदाच मिळते. त्या फटीत उपाशी भागावर लेझर मारणं हे बाह्यरुग्ण विभागातलं काम आहे, मूल त्याच दिवशी घरी जातं. रक्त सांडल्यावर किंवा पडदा सुटल्यावर भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते, आणि सिकलसेलच्या मुलाला भूल देणं म्हणजे आधी रक्त चढवणं, अंग थंड पडू न देणं, ऑक्सिजन सांभाळणं. खर्चाचा हिशेब मांडायचा तर तो इथे मांडा. पहिला-दुसरा टप्पा सापडलेलं मूल नजरेखाली राहतं, म्हणून तिसरा वेळेवर दिसतो. ज्याचा पहिला कागदच नाही ते मूल थेट चौथ्याला येतं, आणि मी ती मुलं पाहतो.

अजून एक. आख्ख्या शरीरात बारीक रक्तवाहिन्या न कापता उघड्या दिसतात ती जागा डोळा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरसुद्धा, स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली खालची पापणी ओढली की, स्वल्पविरामाच्या आकाराचे तुटक तुकडे दिसतात. पडद्यावर बदल दिसले की मी रक्तविकाराच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो : गोळीची मात्रा पाहा, एफ पाहा, गोळी खरंच घेतली जाते का ते विचारा. त्या चिठ्ठीने बऱ्याच मुलांचे उपचार बदलले आहेत.

टेम्सकाठ

मूळची धुळ्याची, लंडनमध्ये लहान मुलांच्या रक्तविकार विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं नायजेरिया, घाना आणि जमैकाची. इथे प्रत्येक बाळाच्या टाचेतून पाचव्या दिवसाच्या आसपास रक्ताचा थेंब घेतात, त्यातच सिकलसेल कळतो.

जमैकाचा उल्लेख करते कारण या विषयातलं खूपसं ज्ञान तिथल्या मुलांनी दिलं आहे. किंग्स्टनमध्ये १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बाळांचं रक्त तपासलं आणि सापडलेल्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहिले, डोळ्यांसकट. ती मुलं २४ ते २६ वर्षांची झाली तोवर एसएस असलेल्यांपैकी १४ टक्क्यांना नव्या वाहिन्या फुटल्या होत्या, आणि एससी, म्हणजे एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून सी हिमोग्लोबिन आलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना. एससी हा एरवी सौम्य प्रकार, दुखणी कमी, हिमोग्लोबिन बरं. तरी डोळे जास्त बिघडले. रक्त घट्ट असणं हे त्याचं एक कारण मानतात. आपल्याकडे एससी क्वचित, पण सिकल-बीटा थॅलेसेमिया, म्हणजे एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया, आहे, आणि त्यातल्या सौम्य प्रकारात डोळ्यांचं असंच होतं. बाकावरच्या बाईंच्या मुलाला कधी मोठं दुखणं आलं नव्हतं हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची अशीच दोन मुलं आठवली. ‘याला फार त्रास नाही’ म्हणून ज्या मुलाची तपासणी आपण पुढे ढकलतो, त्यालाच आधी न्या.

यंत्रांबद्दल थोडं. इथे रुंद छायाचित्र घेणारा कॅमेरा आहे, एका फोटोत पडद्याचा सुमारे २०० अंशांचा भाग येतो. मूल हनुवटी टेकवतं, हिरवा प्रकाश चमकतो, झालं. पुष्कळदा ड्रॉपही लागत नाहीत. त्याची खोट अशी की वर आणि खाली पापण्यांचे केस मध्ये येतात, आणि लहान मूल नेमक्या क्षणी डोळा मिटतं. दुसरं यंत्र ओसीटी, ते पडद्याचे थर कापल्यासारखे दाखवतं. त्याच्यामुळे एक नवीन गोष्ट कळली. नुकसान फक्त कडेला होत नाही. दृष्टीच्या मध्यबिंदूपासून कानाकडे थोडं सरकलं की तिथला पडदा काही मुलांत पातळ झालेला असतो, आणि त्यांना काहीच जाणवत नसतं. ओसीटीचाच पुढचा प्रकार, ओसीटी अँजिओ, शिरेत रंग न टोचता बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाखवतो. त्या जाळ्यात भोकं दिसतात. पळसफूल, तुमच्या पाटाच्या भाषेत सांगायचं तर दोन पाटांचे टेल जिथे समोरासमोर येतात ती ही जागा. तिथे दोन्हीकडून पाणी कमी.

सातपुड्याची_लेक

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडे लाल कार्डाची अकरा मुलं आहेत. हा धागा मी काल रात्री पूर्ण वाचला आणि आज सकाळी त्या अकरांच्या आरोग्यपत्रिका काढून पाहिल्या. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ‘सामान्य’ लिहिलेलं आहे. तपासणी तक्त्यावरच झाली होती, मी तिथे हजर होते.

मला मुलांना न्यायचं आहे, पण जिल्ह्याचं ठिकाण साठ किलोमीटर आहे आणि मी एकटी असेन. काय काळजी घ्यावी लागेल ते सांगाल का? आणि जिल्हा रुग्णालयात हे होतं का, की थेट मोठ्या शहरात जावं लागेल?

पळसफूल

बाई, अकरा पत्रिका काढून पाहिल्यात हे वाचून डोळे भरून आले.

माझ्या अनुभवातलं सांगते. ड्रॉप टाकल्यावर चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका. प्रत्येकाला टोपी द्या, परत येताना बसमध्ये खिडकीकडे बसवू नका. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी ठेवा आणि रांगेतही घोट घोट प्यायला लावा. लघवीला जावं लागेल म्हणून मुलं पाणी टाळतात, आणि तहानलेलं राहिलं की दुखणं उठतं. आणि स्वेटर. मे महिना असला तरी स्वेटर. ओसीटीची खोली गार ठेवलेली असते, चिऊला तिथे बाहेर येईपर्यंत हुडहुडी भरली होती आणि रात्री पाय दुखायला लागले. ते माझ्या आधी लक्षात आलं नाही.

आमच्याकडे हातात रंग टोचूनही फोटो काढले. त्याबद्दल आधीच सांगून ठेवते. त्या रंगाने अंग पिवळसर होतं आणि दिवसभर लघवी शेंदरी पिवळी होते. चिऊ घरी आल्यावर बाथरूममधून ओरडली, “आई, कावीळ झाली!” सिकलसेलच्या घरात पिवळा रंग दिसला की पोटात गोळा येतो, मी फोन हातात घेऊन अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं उतरलं. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र गेली नसती.

डोळस_वैद्य

जिल्हा रुग्णालयात नेत्रशल्यचिकित्सक असतात, बाहुली मोठी करून पडदा पाहणं तिथे होऊ शकतं. सुरुवात तिथूनच करा. जाताना चिठ्ठीत ‘दृष्टी तपासणी’ असं लिहू नका, ‘सिकलसेल एसएस, बाहुली विस्फारून पडद्याची कडेपर्यंत तपासणी’ असं लिहा. कडेपर्यंत हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण मधुमेहींच्या फोटोसाठी वापरतात तो साधा कॅमेरा पडद्याचा मधलाच भाग टिपतो. काही संशयास्पद दिसलं तरच पुढे पाठवायची वेळ येईल. अकरा मुलं एकदम न नेता दोन खेपांत न्या, कडा नीट पाहायला एका मुलाला वेळ लागतो.

आणि शाळेत हे भिंतीवर लावा. डोळ्यासमोर नवे काळे ठिपके, धूर, चमका, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. न दुखता एका डोळ्याची नजर अचानक गेली तर तासाभराचाही उशीर नको. मुलं एका डोळ्याचं गेलेलं सांगत नाहीत, कारण दुसऱ्याने सगळं भागतं. आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून फळ्यावरची तारीख वाचायला लावा. तपासणीची जागा हे घेणार नाही, पण अचानक झालेला मोठा फरक कळेल.

मूळप्रश्न

पटलं. माझ्या डोक्यात मोतीबिंदूच्या शिबिरासारखं चित्र होतं, सापडला की काढला. इथे सापडल्यावर नजर ठेवणं हेच काम आहे हे लक्षात आलं नव्हतं. २०२३ च्या जुलैत शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांचं रक्त तपासायचं ठरलं आहे. रक्त तपासून कार्ड हातात दिल्यावर त्या मुलाच्या डोळ्यांचं पुढे कोण पाहणार, हा प्रश्न मी आमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारणार आहे. उत्तर आलं की इथे टाकतो.

झाडीपट्टी

जाऊन आलो. एसटीत कार्ड दाखवलं, तिकीट लागलं नाही. पोराच्या डाव्या डोळ्यात सी फॅन सापडला, एक. लहान आहे म्हणाले. त्याले काहीच समजत नव्हतं, परवा तो किरकेट खेळत होता. तीन महिन्यांनी बोलावलं, वाढला तर लेझर. बायकोनं आता गोळीचा डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला, रोज रात्री तीच देते.

ताई, तुमचे उपकार.

पळसफूल

दादा, उपकार त्या बाकावरच्या बाईंचे. मला त्यांचं नावही माहीत नाही. त्यांच्या मुलाच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली एवढं सिस्टरांकडून कळलं, त्या डोळ्याने समोरची बोटं मोजण्यापुरतं दिसतं म्हणे.

सहा महिने झाले म्हणून चिऊचंही सांगून ठेवते. परवा जाऊन आलो. उजव्या डोळ्यातली आडवी जोड तशीच आहे, नवीन वाहिनी फुटलेली नाही. डाव्या डोळ्यात ओसीटीवर मध्यबिंदूच्या कानाकडे पडदा थोडा पातळ दिसला. गेल्या वेळी ओसीटी फक्त उजव्याचं झालं होतं, त्यामुळे हे जुनं की नवं ते सांगता येत नाही. आता दोन्हीचं मोजमाप कागदावर आहे. गोळीची मात्रा वजनाप्रमाणे वाढवली, कारण दीड वर्षात तिचं वजन वाढलं आणि मात्रा तीच राहिली होती. हे पडद्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे लक्षात आलं.

डे-केअरच्या सिस्टरांना मी आधीचा नकाशा दाखवला होता. यावेळी गेले तर त्यांनी मुलांच्या रजिस्टरमध्ये सीबीसी आणि डॉप्लरच्या पुढे पट्टीने एक नवा रकाना आखलेला. वर लिहिलंय ‘पडदा’. चिऊच्या नावापुढे तारीख आहे. त्या पानावरच्या बाकीच्या बावीस नावांपुढे अजून रिकामं आहे, आणि सिस्टर म्हणाल्या, तुम्ही बाकावर बसाल तेव्हा एकेकाला सांगत जा, मी चिठ्ठ्या तयार ठेवते.

सातपुड्याची_लेक

आमची पहिली खेप गुरुवारी. सहा मुलं. टोप्या जमल्या, स्वेटर चारच आहेत, दोन शेजारच्या वसतिगृहातून घेतेय. आल्यावर लिहिते.